खाडी आणि नदीवरील सामूहिक कयाकिंग : बेळगाव-कारवार सीमाभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ आणि कारवार या भागांतून सामूहिक कयाकिंगविषयी, म्हणजे कयाक नावाच्या वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीतून गटाने काढलेल्या सहलींविषयी, सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले असून पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांना सगळे वाचण्यास सवड नाही त्यांनी निदान प्रश्न ८, ९ आणि १० वाचल्याशिवाय नाव नोंदवू नये. आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक नदीचे पाणी धरण, बंधारा किंवा समुद्र यांपैकी कोणाच्या तरी ताब्यात असते, आणि तो ताबा कोणाचा हे ठाऊक नसताना पाण्यात उतरणे हेच येथील बहुतेक अपघातांचे मूळ ठरू शकते.

१. मला पोहता येत नाही. तरी मी सहलीला येऊ शकतो का?

संथ पाण्यावरील सहलीला येऊ शकता, मात्र एका अटीवर. लाइफ जॅकेट घालून खोल पाण्यात शांतपणे तरंगता आले पाहिजे आणि तोंडावर पाणी आले तरी घाबरगुंडी उडता कामा नये. ही चाचणी सहलीच्या दिवशी नव्हे, तर आधी एखाद्या तरणतलावात घेतलेली बरी. वाहत्या पाण्यातील टप्प्यांसाठी मात्र पोहता येणे आवश्यक आहे. उलटपक्षी, विहिरीत सूर मारून लहानाचे मोठे झालेले अनेक जण आपल्याला काही शिकण्याची गरज नाही असे समजतात. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, नदीच्या पाण्याला असते, त्यामुळे त्यांनीही प्रश्न ७ वाचावा.

२. कयाक कोणत्या प्रकारची असते आणि नवशिक्याने कोणती निवडावी?

ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात वर उघड्यावर बसायचे असते. ही कयाक रुंद, जड आणि स्थिर असते, तिच्यात साठलेले पाणी तळाच्या छिद्रांतून आपोआप निघून जाते आणि उलटल्यावर तिच्यावर पुन्हा चढणे सोपे असते. दुसऱ्या प्रकारात पाय आत घालून बसायचे असते. ही वेगाने जाते, परंतु उलटल्यावर तिच्यात पाणी भरते आणि मदतीशिवाय ती रिकामी करणे अवघड जाते. तिसरा प्रकार हवा भरण्याचा, जो गाडीच्या डिकीत मावतो पण वाऱ्याने भरकटतो आणि बाभळीच्या एका काट्याने निकामी होऊ शकतो. नवशिक्याने पहिला प्रकार निवडावा. दोघांची कयाक घेण्याचा मोह अनेक जोडप्यांना होतो, परंतु दोघेही नवखे असतील तर वल्ह्यांचा मेळ बसत नाही आणि सहलीचा निम्मा वेळ परस्परांना दोष देण्यात जातो.

३. बेळगावच्या आसपास सुरुवात कोठे करावी?

वाहते पाणी नसलेल्या, काठ उताराचा असलेल्या आणि प्रवेशाची परवानगी मिळणाऱ्या जलाशयाच्या फुगवट्यावर सुरुवात करावी. सोय आणि देखरेख या दोन्ही दृष्टींनी जोयडा तालुक्यातील गणेशगुडी येथील व्यावसायिक केंद्रे नवशिक्यांना बरी पडतात. तेथे संथ पाण्यावर कयाकिंग करता येते आणि सामग्रीही तेथेच मिळते.

हुक्केरी तालुक्यातील हिडकल जलाशय, म्हणजे घटप्रभेवरील सुमारे ५१ टीएमसी क्षमतेचा राजा लखमगौडा जलाशय, विस्तीर्ण आणि देखणा आहे, पण तो पहिल्या सहलीसाठी योग्य नाही. मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात आणि काठ दूर राहतो. शिवाय पाणी ओसरू लागल्यावर बुडालेल्या वस्त्यांचे अवशेष पृष्ठभागाच्या जवळ येतात. हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर दिसते आणि त्याच्या दर्शनाला लोक जातात. तेच मंदिर अर्धवट पाण्याखाली असताना कयाकच्या तळाला त्याच्या दगडांचा धोका असतो.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावून हब्बनहट्टी, खानापूर या मार्गाने पुढे जाते. खानापूर तालुक्यातील तिचे पात्र खडकाळ असून पावसाळ्यानंतर तेथे डोह आणि उथळ खडक एकाआड एक लागतात. असोग्याच्या परिसरात सहलीला गेलेले लोक त्या डोहांचा अंदाज न आल्याने बुडाल्याच्या बातम्या येत असतात. हा टप्पा सरावलेल्यांसाठी आहे. मार्कंडेय नदी उचगाव, हिंडलगा, कंग्राळी, कडोली या बाजूने शहराला अगदी लागून जाते म्हणून ‘तेथेच का नाही’ असे विचारले जाते. तिचे पात्र अरुंद आहे, वर्षाचा बराच काळ पाणी पुरेसे नसते आणि शहरालगतच्या टप्प्यात सांडपाण्याचा प्रश्न आहे. त्याविषयी प्रश्न १४ पाहावा.

४. कोणते महिने चांगले?

दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. जून ते सप्टेंबर या काळात नवशिक्यांची कोणतीही सहल काढू नये. कणकुंबी, जांबोटी, आंबोली या पट्ट्यात कोसळणारा पाऊस काही तासांत खालच्या गावांतील नदीची पातळी वाढवतो, आणि ते होत असताना खाली लख्ख ऊन पडलेले असू शकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा, दूधगंगा आणि घटप्रभेच्या काठावरील गावांनी जे पाहिले त्यानंतर याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत बहुतेक नद्या आटतात आणि जेथे पाणी उरते तेथे जलपर्णी पसरलेली असते. कारवारची खाडी मात्र मे महिन्याच्या मध्यापर्यंत वापरता येते, फक्त सकाळी दहाच्या आत काठाला लागावे.

५. सोबत काय आणावे? लाइफ जॅकेट घालणे पोहणाऱ्यांनाही सक्तीचे आहे का?

होय, सक्तीचे आहे, आणि नुसते अंगात अडकवून चालत नाही, तर सगळे पट्टे आवळलेले हवेत. पट्टे लावल्यावर दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे किंवा सैल आहे. पोहता येणाऱ्या प्रौढांसाठी किमान ५० न्यूटन तरणशक्तीचे जॅकेट चालते. लहान मुलांसाठी व पोहता न येणाऱ्यांसाठी त्याहून अधिक, म्हणजे १०० न्यूटनचे आणि डोके वर राखणारी कॉलर असलेले घ्यावे. बाजारात मिळणारी थर्मोकोलच्या पट्ट्यांची स्वस्त जॅकेटे दोन हंगामांत आतून मोडतात, म्हणून जुने जॅकेट आणणाऱ्यांनी ते आधी पाण्यात तपासून पाहावे.

बाकीचे सामान साधे आहे. टाचेला पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट (कारवारच्या खाडीत खडकांना चिकटलेली कालवे पाय अक्षरशः चिरतात), लवकर वाळणारे कपडे, टोपी, दोन लिटर पाणी, जॅकेटला बांधलेली शिट्टी आणि मोबाइलसाठी तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी. जीन्स घालून येणाऱ्याला पाण्यावर घेतले जात नाही. भिजलेली जीन्स अंगावर असताना कयाकवर पुन्हा चढणे फार कठीण जाते.

६. गटात किती जण असावेत आणि गट चालतो कसा?

दहा-बारा कयाकांपेक्षा मोठा गट एकत्र ठेवता येत नाही. चार-पाच नवशिक्यांमागे एक अनुभवी असे प्रमाण ठेवावे. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला म्होरक्या आणि सर्वांत मागे दुसरा अनुभवी माणूस असतो. म्होरक्याच्या पुढे आणि पिछाडीच्या मागे कोणीही जायचे नाही, हा नियम मोडणाऱ्यास पुढच्या सहलीला घेऊ नये. मधल्यांच्या जोड्या लावून दिलेल्या असतात आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे अधूनमधून पाहायचे असते. वळणावर मागचा माणूस दिसेनासा होऊ लागला की पुढच्याने थांबायचे.

गटाचा वेग सर्वांत संथ माणसाच्या वेगाने ठरतो. नवशिक्यांचा गट संथ पाण्यावर ताशी सुमारे चार किलोमीटर जातो असे धरावे आणि पहिली सहल पाच-सहा किलोमीटरांची ठेवावी. खुणा ठरलेल्या असतात. वल्हे उभे धरले तर ‘पुढे या’, डोक्यावर आडवे धरले तर ‘थांबा’. शिट्टी एकदा वाजली तर इकडे लक्ष द्या आणि तीनदा वाजली तर संकट आहे. गंमत म्हणून शिट्टी वाजवण्याची हौस निघण्यापूर्वी काठावर भागवून घ्यावी.

७. कयाक उलटली तर काय करायचे?

पहिली गोष्ट म्हणजे कयाक सोडायची नाही आणि शक्य झाल्यास वल्हेही सोडायचे नाही. कयाक तरंगते, दुरून दिसते आणि तिला धरून माणूस बराच वेळ टिकतो. संथ पाण्यात उघड्या कयाकवर चढण्यासाठी आधी ती सरळ करावी, मधोमध बाजूला जाऊन दोन्ही हात आडवे टाकावेत, पाय पृष्ठभागावर आणून जोराने मारावेत आणि पोटावर आडवे पडावे. मग कूस बदलून बसावे आणि शेवटी पाय आत घ्यावेत. घाईने आधी गुडघा वर टाकणारा बहुधा कयाक पुन्हा अंगावर घेतो. आत बसण्याची कयाक असेल तर मदतनीस तिचे टोक आपल्या कयाकवर आडवे ओढून पाणी काढतो आणि मग दोन्ही कयाका समांतर घट्ट धरून ठेवतो. हा सराव काठाजवळ प्रत्येकाने एकदा करायचाच असतो.

वाहत्या पाण्यात नियम बदलतो. कयाकच्या वरच्या अंगाला राहावे, म्हणजे ती आणि खडक यांच्यामध्ये आपण चिरडले जाणार नाही. कयाक हातची गेली तर पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि तिरके तिरके काठाकडे सरकावे. पाणी कमरेइतकेच आहे असे वाटून उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला तर मागून येणारे पाणी माणसाला तोंडावर पाडते आणि उठू देत नाही.

८. कारवारच्या खाडीत निघण्याची वेळ दर वेळी वेगळी का असते?

कारण ती वेळ घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर ठरते. काळी नदीच्या मुखात दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याच्या चढउतारातील फरक साधारण दीड ते दोन मीटर असतो, अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाला, तो बराच कमी होतो. भरती लागल्यापासूनच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाण्याला सर्वाधिक ओढ असते, ओहोटीचेही तसेच.

किनाऱ्यावरील जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास मिळतो. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून पूर्ण भरती सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास. हा केवळ अंदाज आहे, प्रत्यक्ष सहलीची वेळ कारवार बंदराच्या त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्यावरूनच ठरवावी. पण कोणता रविवार सोयीचा हे घरबसल्या कॅलेंडरवर पाहायला तो उपयोगी पडतो. एकादशी-द्वादशीच्या सकाळी उजाडताना निघालो तर चढत्या पाण्यासोबत कडवाडच्या बाजूने आत जाता येते, पूर्ण भरतीला क्षणभर थांबलेल्या पाण्यावर वळता येते आणि उतरत्या पाण्यासोबत परतता येते. पश्चिमेचा खारा वारा जोर धरतो तो अकरा-बारानंतर. तो परतीच्या वाटेवर समोरून येतो, म्हणून त्याआधी काठाला लागायचे. उलट पौर्णिमेला भरती अकराच्या सुमारास येते, म्हणजे परत येताना ओहोटी आणि वारा एकमेकांविरुद्ध असतात आणि पाण्यावर आखूड, त्रासदायक लाटा उभ्या राहतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मुखापाशी भरती संपली तरी आतल्या भागात पाणी आणखी काही काळ चढत राहते, त्यामुळे आत वळण्याची वेळ तक्त्यापेक्षा उशिरा येते. आणि ओहोटीच्या वेळी सदाशिवगडच्या पुलाच्या पश्चिमेला नवशिक्याने जाऊ नये. कोडीबाग आणि देवबाग यांच्यामधील वाळूच्या पट्ट्यांवर उतरते पाणी आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर येतात, आणि तेथून ओढ थेट समुद्राकडे असते. पुलाच्या खांबांपासूनही दूर राहावे. जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्या परिसरात रेंगाळण्याचे काहीच कारण नाही.

९. धरणातून पाणी सुटणार हे आधी कसे कळणार?

खात्रीने कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे आदल्या दिवशी आणि पुन्हा सकाळी संबंधित धरणाच्या कार्यालयात किंवा काठावरच्या गावात चौकशी करणे. काळीवरील सुपा, कोडसळ्ळी, कद्रा ही धरणे वीजनिर्मितीची आहेत, त्यामुळे तेथील विसर्ग विजेच्या मागणीप्रमाणे दिवसातसुद्धा बदलतो. गणेशगुडीचे राफ्टिंग चालते ते सुप्यातून सोडलेल्या पाण्यावरच, म्हणून सकाळी गुडघाभर असलेला प्रवाह काही वेळात ओळखू येणार नाही इतका वाढू शकतो. त्या टप्प्यात परवानाधारक संस्थेशिवाय उतरू नये.

कृष्णेचा हिशेब आणखी लांबचा आहे. चिकोडी-अथणीकडे येणारे पाणी कोयनेपासून येते, यडूरजवळ तिला मिळणाऱ्या दूधगंगेत काळम्मावाडी धरणाचे पाणी असते, आणि ही दोन्ही धरणे महाराष्ट्रात आहेत. पावसाळा संपल्यावरही पिण्यासाठी व शेतीसाठी आवर्तने सोडली जातात. कर्नाटकातील वृत्तपत्रात किंवा गावच्या दवंडीत त्याचा उल्लेख असेलच असे नाही, म्हणून कोल्हापूर-सांगलीकडच्या बातम्याही पाहाव्यात.

पाण्यावर असताना स्वतःचे डोळे उघडे ठेवावेत. स्वच्छ पाणी गढूळ होणे, पालापाचोळा आणि फेस वाहत येणे, मघाशी कोरडे असलेले दगड ओले होणे या चढत्या पाण्याच्या खुणा आहेत. काठावर थांबल्यावर पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवावी. चहा होईपर्यंत ती पाण्यात गेली असेल तर सहल तेथेच संपवावी आणि कयाका उंच जागी ओढून घ्याव्यात. भोंगा वाजल्यास कारण विचारत बसू नये. धरणाजवळच्या सूचना बहुधा कन्नडमध्ये असतात, तेव्हा प्रत्येक गटात कन्नड वाचणारा आणि बोलणारा निदान एक जण असावा.

१०. बंधाऱ्यावरून कयाक घसरवत नेली तर काय बिघडते? उंची तर चार फूट असते.

जीव जाऊ शकतो, इतके बिघडते. हा प्रश्न निपाणी आणि संकेश्वर भागातील तरुणांकडून सर्वाधिक येतो, कारण दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठिकठिकाणी आहेत. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा उलटे वर येते आणि बंधाऱ्याच्याच दिशेने परत फिरते. त्या फिरत्या पाण्यात सापडलेली वस्तू बाहेर न पडता तेथेच गरगरत राहते. काठावरून पाहणाऱ्याला एक गुळगुळीत, शांत पट्टा दिसतो आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

बरगे, म्हणजे पाणी अडवण्यासाठी बंधाऱ्याच्या दारांत बसवलेल्या फळ्या, काढलेले असतील तर धोका वेगळ्या प्रकारचा असतो. सगळा प्रवाह खांबांमधल्या अरुंद दारांतून जातो आणि आडवी झालेली कयाक दोन खांबांना टेकून पाण्याच्या दाबाखाली दुमडते. दारात ओंडके किंवा जलपर्णी अडकलेली असेल तर माणूस त्यांवर दाबला जातो. पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा घालतात, परंतु मधल्या दिवसांत काही दारे उघडी व काही बंद अशीही स्थिती असते. म्हणून बंधारा कोणत्याही अवस्थेत असला तरी शंभर मीटर अलीकडे काठाला लागावे, कयाक उचलून पलीकडे चालत न्यावी आणि खालच्या फेसाळ पाण्याच्या बऱ्याच पुढे पुन्हा उतरावे. कल्लोळ-यडूरसारखा बंधारा पाण्याखाली गेला असेल तर त्याचा मागमूसही वरून लागत नाही, अशा दिवशी नदीवर जाऊच नये.

११. नदीत मगरी आहेत का?

आहेत. दांडेलीजवळ काळी नदीत आणि सांगलीकडून कुडची-अथणीपर्यंतच्या कृष्णेत मगरींचा वावर आहे. हिवाळ्यात दुपारी त्या वाळूच्या काठांवर ऊन खात पडलेल्या दिसतात, उन्हाळ्यात मादी अंड्यांची राखण करते आणि अधिक आक्रमक असते. मगर सहसा कयाकवर चालून येत नाही, परंतु पाण्यात पडलेला माणूस ही वेगळी गोष्ट आहे, आणि नवशिका कधी ना कधी पाण्यात पडतोच. या एका कारणासाठी मगरींचा वावर असलेल्या टप्प्यात नवशिक्यांची सहल काढू नये, असे आमचे ठाम मत आहे. अनुभवी गटानेही पहाटे व संध्याकाळी तेथे जाऊ नये, वाळूच्या काठावर उतरू नये, मासे साफ करू नयेत आणि कुत्रा सोबत आणू नये. फोटोसाठी जवळ जाण्याविषयी वेगळे सांगायला नको.

१२. परवानगी कोणाची लागते?

जागेप्रमाणे बदलते. हिडकल आणि सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणाचे रेणुकासागर हे जलाशय कर्नाटक नीरावरी निगमच्या अखत्यारीत आहेत, तर काळीवरील धरणे कर्नाटक वीज महामंडळाकडे आहेत. काळी व्याघ्र प्रकल्प आणि खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य येथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात उतरणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हादईचा उगमाकडील भाग भीमगडच्या जंगलातच येतो, तेव्हा ‘नदी सर्वांची’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही. घटप्रभेवरील धुपदाळचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे कांड्या करकोचे उतरतात आणि कयाकांचा एक गट आला तरी अख्खा थवा उठतो, म्हणून परवानगी मिळत असली तरी मागू नये. कद्रा जलाशयाकाठी कैगा अणुवीज केंद्र आहे आणि कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे. या दोन्ही ठिकाणी कयाक, कॅमेरा आणि ड्रोन यांपैकी काहीही नेऊ नये.

१३. राकसकोपला जाता येईल का? आणि गोकाक धबधब्याच्या वर?

राकसकोप जलाशयातून बेळगाव शहराला पिण्याचे पाणी मिळते. तेथे सहल नेण्याचा विचार करू नये. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. धबधब्याच्या वरच्या पात्रात वल्हवण्याची इच्छा व्यक्त करणारी पत्रे येतात, त्यांना ‘नाही’ एवढेच उत्तर आहे.

१४. नदीचे पाणी अंगाला चालते का? आजाराची भीती किती?

शहरालगतचे सांडपाणी मिसळणारे टप्पे आणि साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात काळसर, फेसाळ किंवा मळीचा वास येणारे पाणी टाळावे. मेलेले मासे तरंगताना दिसले तर त्या दिवशी उतरू नये. उघड्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून जखम असलेल्याने पाण्यात येऊ नये, आणि सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास आपण नदीत गेलो होतो हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. जोयडा व आसपासच्या जंगलात काठावर उतरणार असाल तर जानेवारी ते मे या काळात गोचिडींपासून जपावे. माकडताप त्यांच्यामार्फत पसरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पानांच्या थरावर बसू नये आणि मेलेले माकड दिसल्यास लांब राहून वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

१५. गावकऱ्यांचा विरोध होतो का? त्यांच्याशी कसे वागावे?

आधी भेटून विचारले तर विरोध क्वचितच होतो. न विचारता उसाच्या पाणंदीत चार गाड्या लावल्या तर होणारच, कारण तोडणीच्या दिवसांत तेथून ट्रॅक्टर जायचे असतात. धुण्याच्या आणि दशक्रियेच्या घाटांवर कयाका उतरवू नयेत. मच्छीमारांची जाळी पाण्यावरच्या बुचांवरून ओळखावी आणि वळसा घालून जावे. जाळ्यात वल्हे अडकले तर जाळे कापू नये, मालकाला हाक मारावी आणि नुकसान झाले असल्यास भरून द्यावे. काळीच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका कमरेभर पाण्यात असतात, त्यांच्या मधून कयाका हाकू नयेत.

कृष्णा आणि दूधगंगेच्या काठी शेतीच्या मोटारींच्या पाइपांसोबत विजेच्या केबली पाण्यालगत, कधी पाण्यातूनही, गेलेल्या असतात. केबलीला हात लावू नये, वल्ह्यानेही दूर सारू नये, आणि ॲल्युमिनियमचे वल्हे असेल तर अधिकच सांभाळावे. वाळू उपसलेल्या ठिकाणी घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट खड्ड्यात पडते, म्हणून कयाक ओढत चालतानाही जॅकेट काढू नये.

१६. मुलांना, ज्येष्ठांना किंवा आजार असलेल्यांना आणता येईल का?

दहा वर्षांखालील मूल स्वतंत्र कयाकमध्ये बसवू नये. मोठ्यांच्या कयाकमध्ये पुढे बसवावे, आणि तो मोठा माणूस नवशिका नसावा. वयाची वरची मर्यादा नाही. खांदा निखळण्याचा पूर्वानुभव, फिट येणे आणि अलीकडचा हृदयविकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊनच यावे आणि म्होरक्याला खाजगीत तसे सांगावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर किंवा गूळ जॅकेटच्या खिशात ठेवावा, पिशवीत नको.

१७. मोबाइलला रेंज नसेल तर मदत कशी मिळवायची? आणि सीमेवर कोणत्या राज्याला फोन करायचा?

जोयडा आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज नसणे हेच गृहीत धरावे. निघण्यापूर्वी काठावरच्या एका माणसाकडे पाण्यात उतरण्याची जागा, पाण्यातून बाहेर निघण्याची जागा आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी, आणि त्या वेळेनंतर एका तासात आपण न दिसल्यास त्याने काय करायचे हेही ठरवावे. आपत्कालीन क्रमांक ११२ दोन्ही राज्यांत चालतो, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे आणि समुद्रात संकट आल्यास तटरक्षक दलाचा १५५४. निपाणी, चिकोडी, कागवाड भागात मोबाइल पलीकडच्या राज्याच्या मनोऱ्याला जोडला गेल्यास फोन तेथील केंद्राकडे जाऊ शकतो. त्यामुळे बोलताना पहिल्याच वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य या क्रमाने ठिकाण सांगावे, आणि मग नदीचा कोणता काठ ते सांगावे. सीमाप्रश्नावर आपले मत काहीही असले तरी रुग्णवाहिका ज्या राज्याची लवकर येईल तीच आपली.

१८. ऐनवेळी सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात का?

खर्च वाटून घेतलेला असतो. सामग्रीचे भाडे न लागल्यास ते परत मिळते, गाडीच्या आगाऊ दिलेल्या पैशांचा भार सर्वांमध्ये विभागला जातो. रद्द करण्याचा निर्णय म्होरक्या एकटा घेतो आणि त्यावर मतदान होत नाही. कोणा एकाला पुढे जाणे सुरक्षित वाटत नसेल, तर त्याला एका अनुभवी माणसासोबत काठाने परत पाठवले जाते. अशा वेळी अनुभवी माणसांचे प्रश्न ६ मधले प्रमाण बिघडत असेल तर सगळा गट परततो.

१९. सहलीत वाटेत अनोळखी माणूस बुडताना दिसला तर आम्ही काय करावे?

पाण्यात उडी मारू नये. आधी तीन शिट्ट्या वाजवून गट थांबवावा आणि एकाने ११२ ला फोन करावा. काठावरून पोहोचत असेल तर दोरी भरलेली पिशवी तिचे टोक हातात धरून फेकावी, दोरी स्वतःच्या कमरेला बांधू नये. कयाकने जायचे असेल तर दोघा अनुभवींनीच जावे. घाबरलेला माणूस मधोमध बाजू धरून कयाक उलटवतो, म्हणून त्याच्यासमोर कयाकचे टोक न्यावे, टोकाची मूठ धरण्यास मोठ्याने सांगावे आणि तो वर चढू लागल्यास वल्हवत मागे सरावे. टोकाला धरून त्याला काठापर्यंत ओढत नेता येते.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार जमलेली मंडळी सुचवतील, त्यांना ठामपणे थांबवावे. उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून प्रथम तोंडाने श्वास द्यावेत आणि नंतर छातीच्या मध्यभागी ३० दाब व २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दमल्यास दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. तो शुद्धीवर येऊन ‘आता बरे वाटते’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.